पुढे उद्या

"वारो खंय जाता तां आधी बघूया."

धाकू मेस्त्री हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा म्हणायचा. कुणाच्या सायकलचा पंप हातात आला तरी म्हणायचा, चुलीचा धूर खोलीत कोंडला तरी म्हणायचा, आणि भिंतीपलीकडच्या नवरा-बायकोचं भांडण कानावर आलं तरी हळूच स्वतःशी म्हणायचा. वारा कुठून निसटतो ते आधी बघू, मग बोलू. घाटकोपरच्या त्या चाळीत पोरंटोरं त्याला पाठीमागे 'वारोमेस्त्री' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. वाईट वाटत नव्हतं. पाठीमागे का होईना, कुणी आपल्याला नावाने हाक मारतं, एवढं त्याला पुरत होतं.

धंद्याने तो टपवाला. मालवणकडून आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. गिरगावात एका म्हाताऱ्या कारागिराकडे त्याने व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे कापडी टप शिवायला घेतले. पुढे घोडे कमी झाले आणि मोटारी वाढल्या, तसा तो मोटारींचे टप शिवू लागला. मग मोटारींनाही पत्र्याची छपरं आली. पत्र्याला सुई लागत नाही. उरले उपनगरातल्या स्टेशनांबाहेरचे टांगे. कधी घाटकोपर, कधी भांडुप, कधी मुलुंड. मेणाने ओढलेला दोरा, वाकडी सुई आणि चामड्याचे तुकडे भरलेली पिशवी खांद्याला लावून तो निघायचा, आणि दिवेलागणीला परत येऊन, ज्या खोलीत सकाळी ठेवलेला तांब्या जिथल्या तिथे असतो, त्या खोलीचं कुलूप काढायचा.

मुलुंड स्टेशनबाहेर एका टांग्याचा टप शिवत असतानाच वसुधाबाईंनी त्याला गाठलं. भाजीची पिशवी हातात, डोक्यावर पदर नाही, बोलणं सरळ.

"मोटारीचा टप येतो का तुम्हाला?"

"येता... येतो बाई. कसली गाडी?"

"लढाईच्या आधीची आहे. अमेरिकन. टप हाताने ओढायचा नाही, आपोआप जातो. म्हणजे जायचा."

धाकूचे हात थांबले. असा टप त्याने आयुष्यात एकदाच हाताळला होता, तोही मलबार हिलवरच्या कुणाच्या तरी गाडीचा, मालकाच्या देखरेखीखाली. तो म्हणाला, "उद्या येतो." टांगेवाला म्हणाला, "आणि माझा टप?" धाकूने त्या रात्री चुलीपुढे बसून स्वतःशीच हसून घेतलं. बऱ्याच दिवसांनी.

गाडी बंगल्यामागच्या शेडमध्ये होती. मातकट लाल रंग, स्टिअरिंगचं चाक डाव्या हाताला, टपाचा कॅनव्हास कुजून लोंबत होता. वसुधाबाईंनी इंजिन सुरू केलं आणि समोरची खुंटी ओढली. टप कण्हला. डावी बाजू वर उठली, उजवी तिथेच राहिली, आणि सगळा सांगाडा तिरका होऊन अडकला.

धाकूने पिशवीतून उदबत्ती काढली. ती पेटवून पुढच्या सीटमागच्या लोखंडी नळकांड्यांपाशी धरली. एक डावीकडे, एक उजवीकडे. इंजिन जो श्वास आत ओढतं, त्याच्या ओढीने या नळकांड्यांतले दट्टे सरकतात आणि टप उचलला जातो. डावीकडे उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. उजवीकडे मात्र कुणी पलीकडून फुरका मारावा तसा आत खेचला गेला.

धाकू मागे सरला आणि मान हलवून म्हणाला, "हिच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय, बाई."

वसुधाबाईंचा हात खुंटीवरच राहिला. धाकूला वाटलं, ऐकू आलं नसेल. तो पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला, "वारं गेलंय. अख्खी उजवी बाजू."

तेवढ्यात मागच्या व्हरांड्यातून जाड, ओला आवाज आला.

"पुढे."

तेव्हा त्याचं तिकडे लक्ष गेलं. वेताच्या खुर्चीत एक थोराड माणूस बसला होता. अंगावर पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता आणि तोंडाचा उजवा कोपरा खाली ओढला होता.

धाकूने उदबत्ती विझवली. "बाई, चुकलो. आमच्यात असंच म्हणतात..."

"आमच्यातही असंच म्हणतात," वसुधाबाई म्हणाल्या. "या घरात मात्र दीड वर्षात कुणी म्हणालं नाही. सगळे 'तब्येत' म्हणतात."

खुर्चीतल्या माणसाने डावा हात उचलला. आधी गाडीच्या उजव्या बाजूकडे बोट केलं, मग ते बोट वळवून स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवलं. आणि पुन्हा म्हणाला, "पुढे."

"माझे यजमान. वकील होते," वसुधाबाई म्हणाल्या. "साक्षीदार बोलायचा थांबला की हे नुसतं 'पुढे' म्हणायचे. तेवढा एकच शब्द राहिला आहे आता. पाणी हवं तरी पुढे, चहा नको तरी पुढे. तुम्ही मनावर घेऊ नका."

धाकू मनावर कशाला घेईल? त्याने तो शब्द किती वर्षांनी ऐकला होता. तो पायरीवर टेकला आणि थेट खुर्चीतल्या अनंतराव विजयकरांना सांगू लागला, गाडीचं इंजिन श्वास कसं घेतं, दट्ट्याभोवतीचं चामडं सुकलं की तो श्वास कडेने कसा पळून जातो, आणि तो पुन्हा कसा अडवायचा. मधे थांबला की खुर्चीतून "पुढे" यायचं. चहा गार होईपर्यंत तो बोलत राहिला.

त्या घराची निकड त्याला वसुधाबाईंकडून कळली. मुलगी मृणालिनी सांताक्रूझला राहत होती. संक्रांत झाली की ती आईवडिलांना कायमचं तिकडे नेणार होती, बंगला बंद होणार होता. तिने अॅम्ब्युलन्स ठरवली, तर अनंतरावांनी दोन दिवस तोंड उघडून घास घेतला नाही. त्याआधी एकदा टॅक्सी आणली होती. अनंतरावांना कमरेत वाकता येत नव्हतं. दारात डोकं आत आणि बाकी अंग बाहेर अशी त्यांची अवस्था झाली, आणि शेजारची माणसं मदतीला म्हणून जमली आणि बघत उभी राहिली. त्या दिवसापासून अनंतराव फाटकाबाहेर गेले नव्हते.

"टप उघडा असला तर यांना वरून सरळ सीटवर बसवता येईल," वसुधाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या घरातून स्वतःच्या गाडीत ताठ बसून निघावेत, एवढंच मला हवंय. निजवून नेलेलं नकोय."

"उठवतो बाई टप," धाकू म्हणाला.

तो रोज येऊ लागला. जुना कॅनव्हास उतरवला. लोखंडी कमानींचा गंज घासला. नवा कॅनव्हास कापला, व्हरांड्याच्या फरशीवर पसरून शिवायला घेतला. वेताची खुर्ची दशरथ माळी रोज सकाळी शेडच्या बाजूला वळवून ठेवायचा. टाके पडत राहायचे आणि गोष्ट चालू राहायची. बोटीतून पहिल्यांदा भाऊच्या धक्क्यावर उतरला तेव्हा बंबखान्याला राजवाडा समजला ते; व्हिक्टोरियातल्या एका पारशी म्हातारीने टप शिवणाऱ्याला टपाखाली बसवून चौपाटी दाखवली ते; लढाईत काळा कागद लावलेल्या दिव्यांच्या गाड्या आंधळ्यांसारख्या फिरायच्या ते. अनंतराव डोळे न मिटता ऐकायचे. जगात आपलं बोलणं साठवून ठेवणारं कुणीतरी आहे, असं धाकूला वाटू लागलं. घाटकोपरला परत जाताना उद्या कुठून सुरू करायचं ते तो मनात जुळवायचा, आणि त्यामुळे कुलूप उघडताना तांब्याकडे लक्ष जायचं नाही.

दशरथ चिडवायचा. "मेस्त्री, टप शिवताय का पोथी सांगताय?"

"तू पाणी घाल झाडांना."

"झाडं पण 'पुढे' म्हणायला लागतील आता."

दिवाळीनंतर सुरू झालेलं काम डिसेंबर सरत आला तरी चालू होतं. एका दुपारी वसुधाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "मेस्त्री, ही शिवण परवा झाली होती ना?"

"होय."

"मग उसवलीत का?"

धाकूने सुईकडे पाहिलं. "जरा सैल वाटली."

तांदळातला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. शिवण सैल नव्हती, हे दोघांनाही कळलं होतं.

एक गोष्ट मात्र तो सांगता सांगता अर्ध्यावर सोडायचा. बायकोची. सुगंधाची. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्याने घाटकोपरला खोली घेतली, चूल मांडली, खिडकीला पडदा शिवला, तोही टपाच्या उरलेल्या कापडाचा, आणि तिला बोलावलं. पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तेव्हा तो धक्क्यावर गेला.

"सगळी उतरली साहेब. ट्रंकावाले, कोंबड्यावाले, पोरं, म्हातारी. मी फळीच्या टोकाला उभा. शेवटी खलाशी उतरले..."

"पुढे."

धाकू दोरा दाताने तोडायचा. "पुढे उद्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्क्यापर्यंत यायचा आणि पुन्हा म्हणायचा, पुढे उद्या.

पुढे काही फार नव्हतं. खलाशांच्या मागोमाग तिचा भाऊ उतरला, एकटा. हातात खोबरेल तेलाचा डबा आणि सोलांची पुरचुंडी. सुगंधा येत नाही म्हणाला. तिने निरोप पाठवला होता, "हंय वारो तरी आसा. थंय काय आसा?" त्याच्याकडे वारासुद्धा नाही, असं ऐकून धाकू रागावला. आज ना उद्या येईल म्हणून त्याने वाट पाहिली. मग आपण जावं असंही त्याला वाटलं, पण आधी तिने यावं, असा हट्ट धरून बसला. ती तिकडे आणि तो इकडे, अशी वर्षं गेली. दरसाल पावसानंतर तेलाचा डबा मात्र येत राहिला. एका शिमग्याला ती गेल्याचं कळलं. त्यानंतरही पुतण्या डबा पाठवत राहिला, रीत म्हणून. चाळीत धाकूने सांगून ठेवलं होतं की बायको पहिल्याच वर्षी वारली. खरं काय ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला माणूसच मिळालं नव्हतं. आता मिळालं होतं, तर जीभ धक्क्यावरच्या फळीपर्यंत येऊन थांबत होती.

दट्ट्यांसाठी त्याने म्हशीच्या चामड्याच्या वाट्या कापल्या, आणि त्या मऊ राहाव्या म्हणून घरच्या डब्यातल्या खोबरेलात बुडवून ठेवल्या. दुसरं तेल त्याला सुचलंच नाही. केसाला खोबरेल, जखमेला खोबरेल, कुरकुरणाऱ्या दाराला खोबरेल, मग चामड्याला दुसरं काय असणार? वाट्या बसवल्या, नळ्या बदलल्या, उदबत्ती फिरवून पाहिली. धूर दोन्हीकडे सरळ वर गेला. भर दुपारी इंजिन सुरू करून वसुधाबाईंनी खुंटी ओढली आणि टप, मोठा पक्षी पंख मिटतो तसा, मागे जाऊन बसला. अनंतरावांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारली. धाकूने आणखी चार दुपारी टप उघडमीट करून दाखवला. काही ना काही कारण काढून.

संक्रांत झाली आणि निघायचा दिवस आला. मृणालिनी भल्या सकाळी आली. गाडी तीच चालवणार होती, चालवायला शिकलीही ती याच गाडीवर, वडिलांच्या हाताखाली. रस्त्याला गर्दी होण्याआधी निघायचं ठरलं होतं. डोंगरावरून थंडी उतरली होती आणि मुलुंडात श्वासाची वाफ दिसत होती. गाडी शेडबाहेर काढून उभी केली, डावं अंग कोवळ्या उन्हात, उजवं बंगल्याच्या सावलीत. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. अनंतराव कोट घालून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. फाटकापाशी शेजारची माणसं जमली होती, निरोप द्यायला. टॅक्सीच्या दिवशी जमली होती तीच.

मृणालिनीने खुंटी ओढली.

डावी बाजू उठली. उजवी उठली नाही. टप तिरका झाला, कण्हला आणि पहिल्या दिवशी अडकला होता तसाच अडकला.

मग फाटकाकडून एक गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "उजवीच बाजू." ते इतकं हलकं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, मी सांगितलं होतं," मृणालिनी म्हणाली. "दोन महिने काय चाललं होतं इथे? मी अॅम्ब्युलन्सला फोन करते."

अनंतरावांनी मान खाली घातली. टोपीची कड डोळ्यांवर आली. इतक्या दिवसांत त्यांनी धाकूकडे पाहायचं टाळलं, ते या एकाच वेळी.

धाकू गाडीत शिरला. त्याने उजव्या नळकांड्याचं झाकण फिरवलं. "वारो खंय जाता..." तो पुटपुटला. पण वारा कुठेच जात नव्हता. दट्ट्या जागचा हलत नव्हता. त्याने बोट आत घातलं आणि बाहेर काढलं, तर बोटाला पांढरा, घट्ट लोण्यासारखा थर.

वसुधाबाई जवळ आल्या. त्यांनी त्याचं बोट पाहिलं, मग वाकून वास घेतला.

"मेस्त्री, खोबरेल घातलंत?"

"होय बाई."

"अहो, माझी केसांच्या तेलाची बाटली केव्हाची उन्हात ठेवली आहे, ती अजून विरघळली नाही. इथल्या थंडीत खोबरेल थिजतं, दगड होतं."

धाकू तसाच बोटाकडे बघत राहिला. समुद्राकाठचा माणूस, आयुष्य खारट उकाड्यात गेलेलं, आणि इथेही रोज उन्हं वर आल्यावर यायचा. तेल थिजतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ते आपल्या कामात थिजेल, हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे काही मोडलेलं नाही ना?" मृणालिनीने विचारलं.

"नाही ताई. ऊन लागलं की सुटेल."

"मग उन्हात घ्या."

दशरथ, धाकू आणि टोमणा मारणारे ते गृहस्थसुद्धा गाडीला खांदा लावायला आले. गाडी फिरवून तिचं उजवं अंग उन्हाकडे केलं. वसुधाबाईंनी गरम पाण्याची रबरी पिशवी आणली, अनंतरावांच्या खांद्याला शेकायची होती ती, आणि नळकांड्याशी टेकवून धरली. मग सगळे तेल विरघळायची वाट बघत थांबले. दशरथ म्हणाला, "मेस्त्री, एवढ्यात तुमची गोष्ट तरी पुरी करा. धक्क्यावर किती दिवस उभे राहणार?"

काहीजण हसले. अनंतरावांनी मान वर केली. डोळे धाकूवर होते.

"पुढे," ते म्हणाले.

धाकूने भोवती पाहिलं. फाटकातली माणसं, मृणालिनीच्या मनगटावरचं घड्याळ, हसणारा दशरथ. त्याने तोंड उघडलं. "मग खलाशी उतरले..." आणि त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघून त्याने तोंड मिटलं. उद्या म्हणायची सवय जिभेवर आली होती, पण तेही म्हणता येईना. उद्या इथे कुलूप असणार होतं.

"तेल सुटलं असेल," तो म्हणाला. "ताई, इंजिन सुरू करून ओढून बघा."

टप दोन्ही अंगांनी सारखा उठला, आभाळाला टेकल्यासारखा झाला आणि मागे मिटून बसला. गाडीत ऊन भरलं. धाकू आणि दशरथने अनंतरावांना काखेत धरून वर घेतलं आणि वरून, सरळ, पुढच्या उजव्या सीटवर बसवलं. कोट ओढून नीट केला. टोपी सरळ केली. ते ताठ बसले. फाटकातल्या त्या गृहस्थांनी नमस्कार केला, तेव्हा त्यांनी डावा हात कपाळापर्यंत नेला, कोर्टात नेत असतील तसा. वसुधाबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. मागच्या सीटवर बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "मेस्त्री, सांताक्रूझला या कधीतरी."

"येईन," धाकू म्हणाला. पत्ता त्याने विचारला नाही, आणि त्या गडबडीत कुणाला द्यायचं सुचलं नाही.

गाडी फाटकातून जाताना बघायची त्याची तयारी नव्हती. म्हणून गाडीच्या आधी तोच निघाला. पिशवी खांद्याला लावली, अनंतरावांच्या बाजूने जाताना त्यांच्या उजव्या हातावर, मांडीवर ठेवलेल्या त्या हातावर, आपला तेलकट हात क्षणभर ठेवला आणि फाटकाबाहेर पडून स्टेशनच्या रस्त्याला लागला. गाडीला उलट दिशेने, डोंगराकडच्या रस्त्याने जायचं होतं.

मागून आवाज आला, जाड आणि ओला.

"पुढे."

मृणालिनीला वाटलं बाबांना निघायची घाई झाली. तिने गिअर टाकला. वसुधाबाई पुढे झुकून काही म्हणणार होत्या, पण इंजिनच्या आवाजात ते राहून गेलं.

धाकूने ऐकलं. त्याची पावलं जरा अडखळली, पण तो वळला नाही. सावल्यांमधून, उन्हामधून, रिकाम्या रस्त्याने त्याचा पाठमोरा आकार लहान होत गेला. अनंतरावांना मान वळवता येत नव्हती. समोर काचेवरच्या छोट्या आरशात त्यांना तो दिसत होता, गाडी वळेपर्यंत.